खाटेवरून मोजलेली गल्ली

तीन वर्षं काशीला राहून काय केलंत, असं मला मिरजेकडची माणसं अजून विचारतात. रोजचं गंगास्नान, विश्वनाथाचं दर्शन, संध्याकाळची आरती, असलं काहीतरी ऐकायची त्यांची तयारी असते. मी खरं ते सांगतो. ब्रह्मा घाटामागच्या एका गल्लीत मी गुडघ्यावर बसून मोजमापं घेतली आणि एका धडधडीत जिवंत बाईला खांदा दिला. एवढं बोललं की पुढचं सगळं सांगावंच लागतं, आणि सांगताना दर वेळी माझं हसणं मधे येतं.

ती बाई म्हणजे शकूताई आठल्ये.

मी रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला. बदली झाली तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो. मुलीची बारावी होती, म्हणून ती आणि बायको मिरजेतच राहिल्या आणि मी एकटा काशीला आलो. ऑफिसातल्या एका मराठी गृहस्थांनी सांगितलं, की ब्रह्मा घाटाकडं आपल्या लोकांची जुनी वस्ती आहे, तिथं खोली मिळेल आणि नशीब असेल तर वरणभातही मिळेल. दोन्ही मिळालं. आठल्यांचं घर म्हणजे एकावर एक रचलेल्या तीन काड्यापेट्या. तळाला शकूताई आणि त्यांचे यजमान नाना, मधल्या मजल्यावर गाद्या, पुस्तकं आणि बंगलोरला गेलेल्या मुलाची खेळणी, आणि सगळ्यात वर मी.

पहिल्याच सकाळी शकूताईंनी बजावलं, "खिडकी लावून जा हो, नाहीतर बंदर येतं." मी पडलो मिरजेचा, आणि माझं हिंदी मालगाडीच्या कागदांपुरतं. बंदर म्हटलं की मला रत्नागिरी आठवते. तिसऱ्या मजल्यावर बंदर कसं येणार, पुराचं पाणी एवढं चढतं की काय, असा विचार करत मी खिडकी उघडीच ठेवून गेलो. संध्याकाळी परत येऊन बघतो तर माझ्या गादीवर एक माकड मांडी घालून टूथपेस्ट खात बसलेलं. शकूताईंचं मराठी तसंच होतं. पाच पिढ्या काशीत गेलेल्या. त्या म्हणायच्या, "मी तुम्हाला आवाज दिला, तुम्ही सुनलं नाही." किंवा, "आज नानांची तबियत ठीक आहे, परेशान होऊ नका." आणि त्याच तोंडानं, जेवण झालं की "आचवून या, मग बोलू," असं माझ्या आजीबरोबर गेलेलं मराठी बोलायच्या. ऐकताना मी एका वाक्यात मिरजेला जाऊन परत यायचो.

वय एकाहत्तर. बुटक्या, काटक, आणि पायात कायम पांढरे कॅनव्हासचे बूट, कारण तीस वर्षं मुलींच्या शाळेत त्या कवायत शिकवत होत्या. गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला काळ्या दोरीत ओवलेली शिट्टी. पदराच्या गाठीत इतर बायका किल्ली बांधतात, यांच्या गाठीत खडू असायचा. गल्लीतली माकडं त्यांच्या शिट्टीला ओळखत होती. दोन वाजवल्या की छपरं रिकामी व्हायची. तीन वाजवल्या की माणसं घराबाहेर यायची. हसू फुटलं की त्यांना उभं राहता येत नसे. जिन्यात, बाजारात, देवळात, जिथं असतील तिथं त्या बसकण मारत आणि हसणं संपल्यावरच उठत.

त्यांचं एक बोलणं मी रोज ऐकलं. कोणी तावातावानं तक्रार घेऊन आलं, की त्याचा रस्ता आहे, याची मोरी आहे, त्याचं पन्हाळ माझ्या दारात गळतं, की त्या म्हणायच्या, "आधी मोजा, मग भांडा." मोजून झाल्यावर बहुतेकांचा भांडायचा मूड जायचा. ज्यांचा जात नसे त्यांच्याशी मग त्या स्वतः भांडायच्या, अगदी चवीनं.

गल्लीच्या मधल्या वळणावर एक कोपरा होता. कुठल्या काळी तिथं कोणाचं घर पडलं असेल. आता तिथं कचरा पडे. गल्लीतला प्रत्येक माणूस तो दुसरा कोणीतरी टाकतो असं म्हणे आणि सकाळी हळूच आपली पिशवी टाकून येई. मीही टाकत होतो, कशाला खोटं बोलू. शकूताईंनी याच्यावर बैठक घेतली नाही की पाटी लावली नाही. एका सोमवारी पहाटे त्यांनी घरातली लोखंडी खुर्ची नेऊन त्या ढिगाशेजारी मांडली, नाकाला पदर लावला आणि पेपर वाचत बसल्या. शेजारी स्टुलावर चहाची किटली. जो पिशवी घेऊन येईल त्याला त्या प्रेमानं म्हणायच्या, "या या, बसा, चहा घ्या." आता समोर ज्येष्ठ बाई चहा ओतते आहे आणि आपल्या हातात काल रात्रीच्या माशांची डोकी आहेत, अशा वेळी माणूस काय करणार? तो चहा प्यायचा, हवापाण्याचं बोलायचा आणि पिशवीसकट पुढं निघायचा. त्या आठवड्यात अख्खी गल्ली हातात पिशव्या घेऊन, बाजाराला निघाल्यासारखा चेहरा करून, मोठ्या रस्त्यावरच्या कचरापेटीपर्यंत चालत होती. तिसऱ्या दिवशी माझी पिशवी मी रिक्षातून ऑफिसला घेऊन गेलो.

त्या एकवीस दिवस बसल्या. बाविसाव्या दिवशी खुर्ची नव्हती, तरी कोणी तिथं काही टाकलं नाही. समोरचे कचौडीवाले बच्चालाल, भला थोरला माणूस, मला म्हणाले, की खुर्ची नसली तरी ताई तिथं बसल्यासारख्याच वाटतात. त्यांनीच मग घमेलं-फावडं आणून जुना ढीग उचलायला सुरुवात केली. कोपरा मोकळा झाला. पण त्याचं पुढं काय करायचं ते कोणालाच सुचत नव्हतं, आणि तेवढ्यात नाना आजारी पडले.

नाना म्हणजे शकूताईंच्या बरोबर उलट. संस्कृत पाठशाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेले, उंच, मोजकं बोलणारे. त्यांची जागा ठरलेली होती. दाराबाहेरचा दगडी ओटा. सकाळी पूजा आटोपली की ते तिथं येऊन बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याचे नमस्कार घेत. कोणी यात्रेकरू चुकीचा श्लोक म्हणत चालला असेल तर नाना त्याला थांबवून विसर्ग दुरुस्त करून देत आणि मग जाऊ देत. त्या ओट्यावर चाळीस वर्षांच्या बसण्यानं एक गुळगुळीत खळगा पडला होता.

माघात एका सकाळी नऊच्या सुमाराला त्यांच्या छातीत कळ आली. मोठ्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्स दहा मिनिटांत येऊन उभी राहिली. पण रस्त्यापासून दारापर्यंत दोनशे पावलांची गल्ली. स्ट्रेचर आत येईना. आम्ही नानांना लाकडी खुर्चीत बसवलं, धोतरानं बांधलं आणि उचललं. खुर्ची कुठं कुठं अडली, कशाला अडली, ते त्या गोंधळात कोणालाच कळलं नाही. कोणी ओढत होतं, कोणी ढकलत होतं, एक मोटारसायकल आडवी झाली, बच्चालालच्या कढईचं तेल सांडलं. नाना शुद्धीवर होते. डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं महामृत्युंजय म्हणताहेत. नंतर त्यांनीच सांगितलं, की मागं कोणीतरी तो चुकीचा म्हणत होतं म्हणून ते दुरुस्त करत होते.

गल्लीतून बाहेर पडायला अर्धा तास लागला. नाना वाचले. आठ दिवसांनी चालत घरी आले, पण डावा पाय किंचित ओढत. डॉक्टर शकूताईंना म्हणाले होते, की अर्धा तास आधी आणलं असतं तर एवढंही राहिलं नसतं.

नाना घरी आले त्या दिवशी दुपारी शकूताई जिना चढून माझ्या खोलीत आल्या. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "मिरजकर, रेल्वेत इंजिन यार्डातून निघेल की नाही, ते तुम्ही आधी कसं बघता?"

मी सांगितलं, की आमच्याकडं एक चौकट असते. डब्याच्या मापाची. ती रुळावरून आधी फिरवायची. जिथं घासेल तिथं खूण करायची आणि ते आड येणारं काढायचं.

त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे गल्लीतून एकदा खाट फिरवायची."

मी म्हणालो, हो, रिकामी खाट फिरवता येईल.

"रिकामी कशाला?" त्या म्हणाल्या. "रिकाम्या खाटेसाठी कोण बाजूला होतं? खाटेवर मी झोपते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. तेव्हा मला कळलं, की हे होणार.

रविवारी सकाळी आठ वाजता तीन शिट्ट्या झाल्या. नवारीची खाट गल्लीत उतरली. खाटेला चार माणसं लागतात. एका कोपऱ्याला मी. दुसऱ्याला बच्चालाल. तिसऱ्याला रामसूरत नावाडी, ज्याचे दंड ओढून ओढून वासे झाले होते. चौथ्याला गजाननभट, शेजारच्या घरातले पुरोहित, शकूताईंचे लहानपणापासूनचे सोबती आणि तितक्याच वर्षांचे भांडखोर प्रतिपक्षी. त्यांना हे सगळं पसंत नव्हतं. पण आपण नसताना मोजलं तर आपलंच नाव पुढं येईल अशी त्यांना धास्ती होती. शकूताई कॅनव्हासच्या बुटांसकट खाटेवर आडव्या झाल्या, हातात खडू घेतला, गार वारा होता म्हणून नानांची पांढरी शाल गळ्यापर्यंत ओढली आणि शिट्टी वाजवली. आम्ही खाट खांद्यावर घेतली; गल्ली अरुंद होईल तिथं ती कमरेपर्यंत उतरवायची, कारण स्ट्रेचर हातातच धरतात, असं ठरलं होतं.

आता काशी ही काशी. चार माणसांच्या खांद्यावर पांढऱ्या शालीतली म्हातारी बघून तिथल्या माणसाला दुसरं काय वाटणार? पहिल्या दहा पावलांतच एका दुकानदारानं फळी अर्धी ओढली आणि टोपी काढली. दोन बायका भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि हात जोडले. मागून कोणीतरी, कोण ते आजतागायत कळलं नाही, खणखणीत आवाजात म्हणालं, "राम नाम सत्य है." रामसूरतचा सगळा जन्म घाटावर गेलेला. त्याच्या तोंडून सवयीनं पुढचा गजर निघून गेला आणि त्याच्या मागं बच्चालालचाही. गजाननभट म्हणाले, की अरे, निदान तुम्ही तरी. मला खांद्यावर खाट थरथरताना जाणवली. शकूताई शालीखाली तोंड दाबून हसत होत्या, आणि त्यामुळं सगळ्यांना वाटलं, की आम्ही घाईघाईनं प्रेत हलवतो आहोत.

वळणाच्या आधी एक सभ्य यात्रेकरू समोर आला. त्यानं आधी नमस्कार केला, मग आमची दिशा बघितली, आणि फार हळुवारपणे मला म्हणाला, "भाईसाहब, घाट तो उधर है."

मी काही बोलायच्या आत खाटेवरून उत्तर आलं. "मालूम है भैया. अभी सड़क तक जा रहे हैं."

तो मनुष्य दोन पावलं मागं सरकला आणि तिथल्या पायरीवर मटकन बसला. शकूताईंनी खाट थांबवायला लावली, बच्चालालला त्याच्यासाठी पाणी आणायला पाठवलं, त्याचं गाव विचारलं, आणि त्याचा रंग परत आल्यावरच आम्हाला पुढं हलू दिलं.

त्यातही मोजणं चाललंच होतं. जिथं खाट घासे तिथं त्या हात लांब करून खडूची फुली मारत. तीन मोटारसायकली. बच्चालालची भट्टी, वीतभर बाहेर. गजाननभटांच्या दारातल्या तीन नव्या पायऱ्या, यजमानांना चपला काढायला सोपं जावं म्हणून त्यांनी बांधलेल्या. वळणावर गल्लीचा बैल बसलेला होता. खाट थांबली. गजाननभट जरा आशेनं म्हणाले, की आता याचंही नाव लिहा. शकूताईंनी मान वर करून बैलाकडं बघितलं आणि निर्णय दिला, की हा चालता अडथळा आहे, याला फुली नाही. बैल उठून बाजूला झाला, म्हणजे त्यानं गजाननभटांपेक्षा लवकर ऐकलं.

रस्ता गाठून आम्ही परत फिरलो. येताना खाट एका ठिकाणी अशी पक्की अडकली, की पुढंही जाईना आणि मागंही येईना. शकूताई आडव्याच विचारत होत्या, काय आहे, कशाला अडली, किती अडली. शेवटी गजाननभट म्हणाले, "शके, उठून बघ."

त्या उठून बसल्या. खाट त्यांच्याच दारात अडली होती. नानांच्या ओट्याला. आणि ओट्यावर, आपल्या खळग्यात, नाना बसले होते.

शकूताई खाटेवरून उतरल्या. माझ्याकडून टेप घेऊन स्वतः मोजलं. ओटा सव्वा फूट बाहेर होता. गल्लीतला सगळ्यात मोठा अडथळा तोच, आणि जाताना खाट त्याच्या पुढून उचलल्यामुळं तो सुटला होता. म्हणजे त्या सकाळी नानांची खुर्ची पहिल्यांदा आणि सगळ्यात जास्त वेळ अडली होती ती त्यांच्या स्वतःच्या ओट्याला. शकूताईंनी खडू उचलला आणि एकदा नानांकडं बघितलं. मग त्यांनी फुली मारली. नानांच्या धोतराच्या अगदी शेजारी.

नाना उठून आत गेले.

त्या दुपारी पुण्याहून त्यांच्या चुलतभावाचा फोन आला. काशीतून पुण्याला बातमी पोचायला तीन तास पुरले होते. चुलतभाऊ रडवेल्या आवाजात विचारत होता, वहिनी गेल्याचं खरं का. नाना रागावलेले होते, पण खोटं बोलत नसत. ते म्हणाले, "हो, गेली होती. आली परत." आणि फोन ठेवला. स्वयंपाकघरात शकूताई जमिनीवर बसल्या त्या पाच मिनिटं उठल्याच नाहीत. नाना मात्र हसले नाहीत.

पुढचे सहा दिवस नाना ओट्यावर बसले नाहीत आणि शकूताईंशी बोललेही नाहीत. बच्चालालनं दुसऱ्याच दिवशी भट्टी आत घेतली होती. मोटारसायकली बाहेर गेल्या. गजाननभटांनी जाहीर केलं, की आठल्यांचा ओटा निघेल त्या दिवशी माझ्या पायऱ्या निघतील. ते बोलणं योग्यच होतं, म्हणून शकूताईंना फार लागलं. त्या मला म्हणाल्या, की गल्लीभर फुल्या मारणं सोपं आहे, मिरजकर. या माणसानं माझ्याकडं आयुष्यात काही मागितलं नाही. बसायला एवढा दगड, बस.

सातव्या दिवशी सकाळी पहारीचा आवाज आला. मी खाली धावलो. रामसूरत ओट्याचा पहिला दगड काढत होता आणि शेजारी नाना काठी टेकून उभे राहून त्याला सांगत होते, की सावकाश, तो वरचा दगड तुटता कामा नये. त्यांनीच त्याला बोलावून आणलं होतं. शकूताई घाटावरून परत आल्या तेव्हा ओटा अर्धा निघालेला. त्या दारात थबकल्या.

नाना म्हणाले, "त्या दिवशी खुर्चीत डोळे मिटले होते माझे. पण अडलंय ते कळत होतं. आपलंच अडलंय हे माहीत नव्हतं." आणि मग, काठीनं दगड दाखवत, "आता हे दगड ठेवायचे कुठं, ते तू बघ."

शकूताईंना ते क्षणात सुचलं. वळणावरचा तो साफ केलेला कोपरा. शिट्ट्या किती वाजल्या ते मी मोजलं नाही, पण दुपारपर्यंत सगळी गल्ली दगड वाहत होती. मला फरशीवर बसवून नकाशा काढायला लावला. बाकडं कसं, त्याचा उतार कुठं, पावसाचं पाणी कुठून जाईल. रामसूरतच्या बायकोनं सांगितलं, की बाकड्याच्या पाठीला भिंतीवर खाट टांगायची सोय करा, म्हणजे ज्याला लागेल तो उचलून नेईल. ही गोष्ट माझ्या नकाशात नव्हती आणि सगळ्यात कामाची तीच होती. कोणाला विचारून करता आहात, असं महापालिकेतून चौकशीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं. शकूताईंनी त्यांना हाताला धरून त्या बाकड्यावर बसवलं, कचौडी दिली आणि म्हणाल्या, की विचारून नाही केलं, मोजून केलंय. साहेबांनी कचौडी संपवली, नकाशा उलटसुलट बघितला आणि त्यावर माझी एक चूक दाखवून गेले. ती चूक खरंच होती.

खळगा पडलेला दगड बाकड्याच्या मधोमध बसवला. नाना तिथं बसू लागले. दारात फक्त समोरून जाणाऱ्यांचे श्लोक कानावर पडत; वळणावर दोन्ही बाजूंचे पडू लागले. दुरुस्तीचं काम दुप्पट झालं आणि त्यांची तब्येत सुधारली.

गजाननभटांनी तीनपैकी एक पायरी काढली. उरलेल्या दोन सावकाश काढू म्हणाले. शकूताई रोज त्यांच्या दारावरून जाताना मुद्दाम अडखळल्यासारखं करायच्या.

मग चैत्रातल्या एका दुपारी घाटावर आरडाओरडा झाला. तेलुगू बोलणारे एक वयस्क गृहस्थ शेवाळावरून घसरले होते आणि त्यांचा पाय मोडला होता. सोबत फक्त बायको, तिला हिंदी येईना. मी सुट्टीवर, घरीच होतो. तीन शिट्ट्या ऐकून धावलो तेव्हा खाट भिंतीवरून उतरलीही होती. चारही कोपऱ्यांना परत आम्हीच चौघं. शकूताई पुढं, शिट्टी वाजवत, हातानं गल्ली मोकळी करत. दोन्ही बाजूंच्या दारांत लोक उभे राहिले आणि कोणीतरी मोठ्यानं आकडे मोजू लागलं. मग सगळेच मोजू लागले. आठल्यांचं दार गेलं, वळण गेलं, भट्टी गेली, खाट कशालाही शिवली नाही. एका ठिकाणी मात्र गजाननभटांचा पाय सणसणीत आपटला. त्यांच्याच पायरीला. त्यांनी ओठ चावला, पण खाट सोडली नाही.

आम्ही रस्त्यावर पोचलो तेव्हा चार मिनिटंही झाली नव्हती. आणि गल्लीनं टाळ्या वाजवल्या. पाय मोडलेला माणूस समोर आहे आणि आपण टाळ्या वाजवतो आहोत, हे लक्षात येऊन सगळे एकदम गप्प झाले. त्या गृहस्थांनी वेदनेतूनही मान उचलून आमच्याकडं बघितलं. मग त्यांच्या बायकोला काय वाटलं कोण जाणे, तिनं शकूताईंचे दोन्ही हात धरले आणि आपल्या भाषेत पुष्कळ बोलली. शकूताई तिच्याशी मराठीत बोलल्या. दोघींचं पूर्ण समाधान झालं. ॲम्ब्युलन्स निघून गेली. त्यांचं नाव आम्हाला कधी कळलं नाही.

परत येताना शकूताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या मला म्हणाल्या, की चार मिनिटं, मिरजकर. नानांना अर्धा तास लागला होता. एवढंच बोलल्या, मग नाक पुसलं आणि लंगडणाऱ्या गजाननभटांना गाठून, पाय कशाला हो आपटला, असं फार साळसूदपणे विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दोन्ही पायऱ्या गेल्या.

त्याच वर्षी माझी परत मिरजेला बदली झाली. दोन वर्षांनी मी बायको-मुलीला काशी दाखवायला घेऊन गेलो. गल्लीत गेलो तर शकूताई घरी नव्हत्या. नाना म्हणाले, की तिला आता संकठा घाटाकडच्या बायकांनी मागून नेलं आहे. घाटावर कपडे बदलायला बायकांना आडोसा नाही, त्याचं काहीतरी चाललं आहे. परत कधी येईल सांगता येत नाही, आणि जेवणाचं तर मुळीच सांगता येत नाही. ते सांगताना नाना खुशीत होते.

आमची गाडी दुपारची होती. रामसूरतनं आम्हाला त्याच्या नावेत घेतलं आणि प्रवाहाच्या उलट दशाश्वमेधाकडं निघाला. पंचगंगा गेला, अमृतराव घाट गेला. संकठा घाटाशी आलो तेव्हा मुलीनं बोट दाखवलं.

पायऱ्यांवर पंधरा-वीस बायका होत्या. आडोसा कसा दिसेल ते बघण्यासाठी त्यांनी बांबू रोवून त्यांना साड्या बांधल्या होत्या. लाल, हिरव्या, जांभळ्या. नदीवरून वारा येत होता आणि त्या भिंती शिडांसारख्या फुगत होत्या. मधे शकूताई, हातवारे करत एकीला मागं, एकीला पुढं उभं करत होत्या. तेवढ्यात एका झोतानं पिवळी साडी सुटली आणि पायऱ्यांवरून उडत निघाली. कोणी हलायच्या आत शकूताई तिच्यामागं धावल्या. पंचाहत्तरी ओलांडलेलं वय, एका हातात निऱ्या, आणि त्यांच्यामागं चार बायका हसत, ओरडत. साडी पाण्याला टेकणार तोच त्यांनी तिचं टोक पकडलं, पण वारा सोडीना. ती त्यांच्या डोक्यावर उंच फडफडत राहिली आणि त्या दोन्ही हातांनी ती धरून मागं झुकून उभ्या.

मी जोरात हाक मारली. वाऱ्यात ती पोचली नाही. रामसूरतनं वल्ही थांबवली आणि विचारलं, "लगाऊँ किनारे?"

मी घड्याळाकडं बघितलं नाही. त्यांच्याकडंच बघत होतो. म्हणालो, "नको. कामात आहेत."

त्यानं मान हलवली आणि नाव पुढं घेतली. बरंच अंतर गेल्यावरही ते पिवळं दिसत होतं.